कापडवाल्याचं मत

ज्या निवडणुकीबद्दल मी हे लिहायला बसले आहे, ती झाली तेव्हा माझ्या पणजीचं लग्नसुद्धा ठरलं नसेल. विसाव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. गाव इंग्लंडमधलं, जुन्या कॅथीड्रलचं, स्वतःला शहर म्हणवणारं पण आकाराने आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. तिथे कोण महापौर झालं आणि कोण पडलं, याच्याशी पुण्यात वाढलेल्या माझा काडीचाही संबंध नव्हता. तरी त्या निवडणुकीतल्या एका मताने मला कित्येक दिवस पेचात टाकलं. आज तो सगळा प्रकार आठवला की आधी कृतज्ञता वाटते, मग थोडी लाज, आणि मग पुन्हा कृतज्ञताच.

आम्ही या देशात आलो ते ब्रॅकनेलला. नवऱ्याचं ऑफिस तिथे होतं आणि मी त्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट'. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून झोंबला. पुण्यात मी बारा वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता, हौसेने मोडी लिपीचा वर्ग केला होता, स्वतःच्या स्कूटरवरून गावभर फिरले होते. पुढे नवऱ्याने बेसिंगस्टोकला नोकरी धरली आणि मुलीच्या शाळेसाठी आम्ही या कॅथीड्रलच्या गावात घर घेतलं. मुलगी शाळेत, नवरा गाडीत आणि मी खिडकीत, असा आमचा दिवस असे. समोरच्या घराच्या कुंपणात किती विटा आहेत हे मला तोंडपाठ झालं होतं.

मग एकदा लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला. टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर कौन्सिलची जुनी कागदपत्रं आहेत, ती वाचून उतरवून काढायला स्वयंसेवक हवेत, दर मंगळवारी सकाळी, वाईट अक्षराची भीती नसावी. मला हसूच आलं. मोडी वाचलेल्या बाईला हे लोक वाईट अक्षराची भीती घालतात!

तिथे मला बाई भेटल्या. नावं मी कुणाचीच घेणार नाही, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू'. माझ्या मनात मात्र त्या कायम 'तुम्ही'च राहिल्या. वय तेव्हाच ऐंशीच्या घरात, निवृत्त शिक्षिका, उंच, काटक, लग्न केलेलं नाही, कार्डिगनच्या खिशात सदैव एक भिंग. पहिल्या मंगळवारी त्यांनी माझं नाव विचारलं, चार वेळा चुकीचं उच्चारलं आणि वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या मंगळवारी जिना चढून येते तर वरून अचूक हाक आली. आठवडाभर घोकलं होतं म्हणे. शेजारणीपासून डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या मुलीपर्यंत सगळ्यांनी माझ्या नावाचे जे हाल केले होते ते पाहता, मला तिथे जिन्यातच रडू फुटायचं बाकी होतं.

जुनं इंग्रजी वळण मला त्यांनीच शिकवलं. बाराखडीच्या पुस्तकाच्या जागी त्यांनी माझ्यापुढे स्वतःच्या आजोबांची पत्रं ठेवली. आजोबांचा हायस्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत, कापडाचा धंदा होता, आणि तागे मोजणाऱ्या माणसाला शोभेल असं त्यांचं अक्षर होतं, नीटस आणि थोडं दिमाखाचं. 'डी' अक्षराची काठी ते मागे वळवून तिला शेपूट काढायचे. सहा महिन्यांत मला ते अक्षर माझ्या वडिलांच्या अक्षराइतकं ओळखीचं झालं.

बाईंनी माझ्यासाठी केलं ते सगळं सांगायचं तर हा मजकूर संपायचा नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या रोज दुपारी एक अळणी सूप घेऊन यायच्या आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून राहायच्या. नागरिकत्वाच्या अर्जावर आपल्याला किमान तीन वर्षं ओळखणाऱ्या माणसाची सही लागते. मी भीत भीत विषय काढला तर म्हणाल्या, "मी कधीची वाट पाहते आहे, तू विचारत का नाहीस म्हणून." शपथविधीला गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या महापौरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, तेव्हा पहिल्या रांगेत माझ्या घरच्या दोघांच्या शेजारी बाई बसल्या होत्या, टोपी घालून. माझी आई असती तर तीही अशीच नटून आली असती.

पण बाईंच्या मनात एक जुनं शल्य होतं, आणि ते त्या आजोबांचं होतं.

तेव्हा इथे महापौर लोक निवडत नसत. दर नोव्हेंबरात कौन्सिलचे सभासद आपल्यातून एकाला निवडत, म्हणजे आपल्याकडे नगरसेवक महापौर निवडतात तसंच. त्या वर्षी बाईंचे आजोबा उभे होते, समोर एक दारूच्या भट्टीचा मालक. आजोबांनी घरी बसून सगळी मतं मोजली होती. एका मताने ते निवडून येणार होते. आजीने नवा झगा शिवून घेतला होता, महापौरांच्या पत्नीला शोभेल असा. निकाल लागला तो उलटा, आजोबा एका मताने पडले. घरी येऊन ते एकच वाक्य बोलले, "आपल्यातलंच एक मत फिरलं." त्यानंतर त्या विषयावर त्यांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

आता आपल्यातलं म्हणजे कोणाचं? आजीने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ठरवून टाकलं. कापडाच्या दुकानाला लागून एका खाटकाचं दुकान होतं. तो खाटीकही कौन्सिलात होता आणि आजोबांचा लहानपणापासूनचा मित्र. निवडणुकीच्या रात्री ठरलेल्या जेवणाला तो आला नाही, एवढा पुरावा आजीला पुरला. तिने त्याच्याकडून मटण घेणं बंद केलं. रस्त्यात दिसला की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. तिच्या मुलांनी तेच चालवलं, नातवंडांनीही. "आमच्या घरात," बाई मला म्हणाल्या होत्या, "त्या माणसाचं नाव सैतानाच्या नावाच्या किंचित खाली होतं."

सभासदांनी सही केलेल्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, टाउन क्लार्कने त्या मोजून फक्त आकडे वाचून दाखवले होते, त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हे बाहेर कुणालाच कळलं नाही. त्या वर्षाची इतिवृत्ताची वही ओल लागून खराब झालेली, ती कितीतरी वर्षं दुरुस्तीच्या यादीत पडून होती. ती उघडली असती तरी बाईंच्या घरच्यांनी वाचायची तसदी घेतली असती असं मला वाटत नाही. जे आपल्याला ठाऊकच आहे ते तपासायला कोण जातं?

गेल्या वर्षी टाउन हॉलमध्ये जुन्या महापौर-निवडणुकांवर प्रदर्शन भरवायचं ठरलं. बाईंना वाटलं, आता तरी आजोबांना न्याय मिळेल. त्यांच्यावरच्या फलकाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. 'जिवलग मित्राने दगा दिल्यामुळे एका मताने पराभूत', आणि पुढे त्या मित्राचं पूर्ण नाव, धंदा, दुकानाचा पत्ता. मी म्हटलं, "बाई, नाव नको घालायला." त्या म्हणाल्या, "तुम्ही इतिहासवाले ना? मग इतिहास लिहा." त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि मरायच्या आधी त्यांना एवढं एक वाक्य भिंतीवर लागलेलं बघायचं होतं.

आणि नेमकी त्याच महिन्यात ती वही दुरुस्त होऊन परत आली. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर झाकण होतं. त्यांनी फोनवर फर्मान काढलं, "तू वाच. आणि मला सांग."

वहीसोबत दुरुस्ती करणाऱ्यांची एक टीप होती. मागच्या पुठ्ठ्याला ओलीने चिकटलेलं एक पाकीट सोडवलं आहे. मी ते उघडलं. आत चिठ्ठ्या होत्या, तळहाताएवढ्या, प्रत्येकीवर दोन ओळी. वर ज्याला मत दिलं त्याचं नाव, खाली देणाऱ्याची सही. मी आधी खाटकाची शोधली. अक्षर गचाळ, शाई सांडलेली, पण नाव स्पष्ट होतं. त्याने बाईंच्या आजोबांना मत दिलं होतं.

मी एकेक चिठ्ठी उतरवत गेले. आजोबांच्या बाजूचे सगळे आजोबांच्याच बाजूचे निघाले. कुणीही फिरलं नव्हतं. मग शेवटून तिसरी चिठ्ठी हातात आली. वर भट्टीवाल्याचं नाव, आणि त्या नावात एक 'डी' होता, मागे वळलेल्या काठीचा, शेपटीचा. खालची सही वाचायची मला गरजच नव्हती.

आजोबांनी स्वतःच स्वतःविरुद्ध मत दिलं होतं.

दुसऱ्या कुणाला हे कोडं वाटलं असतं. मला पाच मिनिटांत उमगलं, कारण तो मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. आमच्या मराठी मंडळात अध्यक्षपद वर्षानुवर्षं बिनविरोध ठरायचं, म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. एका वर्षी ते जमलं नाही आणि पाडव्याच्या जेवणानंतर दोन नावं पुढे आली, एक माझं. हात वर करून मतदान. सगळ्यांसमोर आपल्याच नावाला आपणच हात वर करायचा? माझा हात हलेचना. उलट समोरच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं तेव्हा, आपण खिलाडू आहोत हे लोकांना दिसावं म्हणून, मी हसत हसत हात वर केला. तिने मात्र स्वतःच्या नावाला हात वर केला, तोही कोपरापासून ताठ. मी दोन मतांनी पडले. माझं मत माझ्याकडे ठेवलं असतं तर बरोबरी झाली असती. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "भीड ही भिकेची बहीण, हे ऐकलं होतं. आज लाइव्ह पाहिलं." मला अर्थातच मनातून वाटलं होतं की माझं एक मत कमी झालं तरी मी निवडून येईन. आजोबांना वाटलं असणार की समोरचाही तितक्याच सभ्यपणे आपल्याला मत देईल आणि हिशेब तोच राहील. सभ्यता फुकटात दाखवता येईल असं वाटलं, आणि ती महागात पडली.

पण मी घरी येऊन नवऱ्याजवळ कबूल तरी केलं. आजोबांची घरी आल्यावर नव्या झग्यातल्या आजीसमोर जीभच उचलली नाही. "आपल्यातलंच एक मत फिरलं", हे वाक्य तसं खोटं नव्हतं. आजीने त्यातून मित्र काढला आणि आजोबांनी तो काढू दिला. शेजारच्या दुकानातला माणूस आयुष्यभर बदनाम झाला आणि हे गृहस्थ कापड मोजत राहिले. मला त्या पत्रांतल्या दिमाखदार अक्षराचा असा राग आला की मी पाकीट बंद करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून दिलं.

आता बाईंना सांगायचं की नाही?

दहा दिवसांत फलक छापायला जाणार होते. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. त्या पाकिटात हात घालणारी मी एकटीच. बाईंना हवं ते वाक्य भिंतीवर लागलं असतं आणि त्या समाधानाने डोळे मिटायला मोकळ्या झाल्या असत्या. सांगितलं असतं तर त्यांचे देवासारखे आजोबा गेले असते, आणि बहुधा मीही गेले असते. या देशात मला माणूस म्हणून ज्यांनी पहिल्यांदा ओळखलं, त्यांच्याच घरात मी काडी टाकणार होते. फोनवर बाईंनी विचारलं, "काही सापडलं?" मी म्हटलं, "अजून वाचते आहे." एक मंगळवार असा गेला.

घरी मी जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला, "अगं, शंभर वर्षं झाली. लेट इट गो. एक्झिबिशन दोन आठवडे राहील, लोक येतील, चहा पितील, जातील. तू उगाच त्यांचं हार्ट ब्रेक करू नकोस." मला ते पटायलाच आलं होतं. पण आमची मुलगी, जी एरवी जेवताना फोनमधून मान वर काढत नाही, ती म्हणाली, "पण आई, तो बुचरनी काहीच केली नव्हती ना? मग त्याची नाव तू कशी लावू देते? दॅट्स सो अनफेअर." मराठी मोडकं होतं, प्रश्न धड होता. नवरा वरणभात कालवू लागला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांच्या फोटोंचे प्रिंट घेऊन मी बाईंकडे गेले. डोळ्यावरचं झाकण निघालं होतं. नव्या लेन्समधून सगळं कसं लख्ख दिसतं, पडद्यांवर किती धूळ होती, याचंच कौतुक त्या सांगत होत्या. मी कागद टेबलावर ठेवले. आधी खाटकाची चिठ्ठी. ती त्यांनी दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी.

त्यांना सही वाचावी लागली नाही. त्यांचं बोट त्या 'डी'वर गेलं आणि तिथेच थांबलं.

मी घाईघाईने बोलत सुटले. मंडळाची गोष्ट सांगितली, पाडवा, वर न गेलेला हात, समोरच्या उमेदवाराचं ताठ कोपर. म्हटलं, वाईट हेतूने नसेल केलं, सभ्यपणा म्हणून केलं असेल. बाई हसल्या नाहीत. उठल्या, ओट्यावरचे धुतलेले कप पुन्हा धुतले, पुसले, कपाटात ठेवले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "तू आता घरी जा. प्लीज."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, बर्फ पडला तरी त्या यायच्या. फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. घंटा वाजवायचा धीर झाला नाही. मला स्वतःचा इतका राग क्वचितच आला आहे. कशाला त्या पाकिटात बोटं घातली? मोडी येते, जुनी अक्षरं लागतात, याची केवढी घमेंड! एका म्हाताऱ्या बाईजवळ होतं तेवढं आपण हुशारीने काढून घेतलं. रात्री नवऱ्याला म्हटलं, "मी मूर्ख आहे." तो म्हणाला, "आहेस. पण चूक नाहीस." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मग एका शुक्रवारी फोन वाजला. पलीकडून माझं नाव आलं, अचूक. "उद्या गाडी घेऊन येशील? बेसिंगस्टोकला जायचं आहे. त्या खाटकाचा नातू तिथे राहतो. मी पत्ता मिळवला आहे."

शनिवारी बाई शपथविधीची टोपी घालून गाडीत बसल्या. गाव मागे पडून शेतं लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तुझी ती हात वर करण्याची गोष्ट मी रोज आठवली," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबाला आपल्या सभ्यतेचा अभिमान होता. विरोधकाशी कसा सभ्य वागला! आणि मित्राशी?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "तीस वर्षं तो माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाकडचं वातड मटण खात राहिला, पण माझ्या आजीला खरं सांगायची त्याची छाती झाली नाही." आणि त्या चक्क हसल्या. मग पर्समधून रुमाल काढून त्यांनी नवे डोळे टिपले. फलकाचा मजकूर त्यांनी छपाईला जायच्या आधीच स्वतः बदलून पाठवला होता. मला म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर मी त्या खाटकाला दुसऱ्यांदा फासावर दिलं असतं. थँक यू." मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिले. आभार मानायचे ते मी, आणि मानत होत्या त्या.

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की बाईंचे उपकार म्हणजे ते सूप, ती सही, ते घोकलेलं नाव. त्या दिवशी गाडीत कळलं की मला त्यांच्याकडून खरं घ्यायचं आहे ते हे. शहाऐंशीव्या वर्षी, आपल्या घराण्याने तीन पिढ्या जपलेली गोष्ट खोटी निघाली, तर टोपी घालायची आणि ज्याचं वाईट केलं त्याच्या दाराशी जायचं. आमच्याकडे चुलत्यांशी बांधाच्या भानगडीवरून अबोला आहे, तो कोणी सुरू केला हेही आता कुणाला आठवत नाही. तरी मी कधी त्यांच्या दाराशी गेले नाही.

दार उघडलं ते एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, त्या खाटकाच्या नातवाने. बाईंनी फोन करून ठेवला होता, तरी ते गोंधळलेले दिसत होते. पायात घरातल्या सपाता, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाईंनी माझी ओळख करून दिली, "ही माझी मैत्रीण. तुमच्यासाठी काही वाचून दाखवणार आहे." आम्ही आत गेलो. ते सोफ्यावर बसले, बाई समोरच्या खुर्चीत, मी दाराजवळ.

मी चिठ्ठीचा प्रिंट काढला आणि वाचला. वर बाईंच्या आजोबांचं नाव, खाली त्या गृहस्थांच्या आजोबांची सही. दोन ओळी, दहा सेकंदांचं काम.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि ओठ हलवत स्वतः वाचला. "आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले," ते म्हणाले. "मी त्यालाच मत दिलं होतं, मी त्यालाच मत दिलं होतं. त्या रात्री ते जेवायला गेले नाहीत, कारण मित्राचं पडलेलं तोंड त्यांना बघवलं नसतं. माझ्या आजीचासुद्धा पुरता विश्वास नव्हता. ती म्हणायची, असतील बाबा खरं बोलत." त्यांनी चष्मा काढला. "ती हे ऐकायला हवी होती."

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी ठरवून आणलेली वाक्यं असावीत, शाळेत मुलांसमोर बोलावं तशी त्यांनी ती स्पष्ट म्हटली. "माझे आजोबा खोटं वागले. आम्ही सगळ्यांनी तुमच्या घरावर अन्याय केला. मीसुद्धा. आपण सात वर्षांचे असताना शिक्षिकेने तुम्हाला माझ्या शेजारी बसवलं होतं आणि मी उभी राहून जागा बदलून मागितली होती. सगळ्या वर्गासमोर. मला माफ करा."

त्या गृहस्थांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या, मिटल्या. "मला आठवतं," ते म्हणाले. "पण मला मतांचं वगैरे तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, माझ्या अंगाला मटणाचा वास येतो म्हणून. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मी रोज सकाळी दुकानामागच्या नळावर मान आणि हात घासून शाळेत यायचो. लाल होईपर्यंत."

बाई उठल्या, पर्स खुर्चीतच राहिली. त्या सोफ्यापाशी गेल्या आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मी इथे बसू का?" त्यांनी विचारलं.

त्या गृहस्थांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि ते थोडे बाजूला सरकले.